सह्याद्री : डोंगर की पठाराची कड?

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्याने बाळकुम मागे टाकले की उल्हास नदीवरचा पूल लागतो. पूल ओलांडताच पहिले गाव येते ते कशेळी. येथे नदी म्हणावी की खाडी, असा प्रश्न पडतो. भरतीच्या वेळी पाणी समुद्राकडून वर चढते आणि ओहोटीला पुन्हा खाली जाते. काठावर तिवरांची झाडे व खाजणे आहेत. जमीन इतकी सपाट आणि समुद्रसपाटीला इतकी जवळ, की डोंगरांविषयी लिहिण्यासाठी हे गाव कोणी निवडील असे वाटत नाही.

पण विद्यार्थीमित्रहो, पावसाळा संपल्यावर हवा धुऊन निघते, तेव्हा सकाळी या काठावर उभे राहून चहूकडे पाहा. पश्चिमेला अगदी जवळ येऊरचा हिरवा डोंगर दिसतो. दक्षिणेला पारसिक-मुंब्र्याचा डोंगर आहे. आग्नेयेस मलंगगडाचे सुळके आणि त्यांच्यामागे माथेरानचा सपाट माथा. वायव्येस तुंगारेश्वर. ईशान्येला, दूरवर, माहुलीचे सुळके. आणि या सर्वांच्या मागे पूर्वेला, हवा फारच स्वच्छ असेल तर, एक निळसर सलग रेघ. ती रेघ म्हणजे सह्याद्रीची मुख्य रांग. कशेळीहून ती सरळ रेषेत सुमारे साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे.

आता एक साधा प्रश्न विचारू. कसाऱ्याचा घाट चढून तुम्ही इगतपुरीला पोचलात. पुढे नाशिकला जायचे आहे. मग डोंगर चढून गेल्यावर दुसऱ्या बाजूला तो उतरावा लागतो का?

एका बाजूचा पर्वत

उत्तर आहे, नाही. कसाऱ्याचे स्टेशन समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे आणि इगतपुरीचे सुमारे ६०० मीटर. हा चढ चढण्यासाठी आगगाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात, कारण येथे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर चढ, असा लोहमार्ग आहे. हा मार्ग १८६५ साली खुला झाला. पण इगतपुरीनंतर ही जादा इंजिने सुटतात आणि गाडी जवळजवळ सपाटीवरून नाशिकला जाते. नाशिकची उंचीही ६०० मीटरच्या जवळपासच आहे. बोरघाटाने पुण्याला जाताना हाच अनुभव येतो. लोणावळा सुमारे ६२० मीटर, पुणे सुमारे ५६० मीटर.

म्हणजे कोकणातून पाहिला तर सह्याद्री हा छाती दडपून टाकणारा कडा आहे, आणि देशावरून पाहिला तर काही ठिकाणी तो आहे हेही समजत नाही. शेतातून चालत जावे आणि एकाएकी जमीनच संपावी, असा प्रकार. नाणेघाटाच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जो गेला आहे त्याला हे सांगावे लागणार नाही. आपल्या लोकांनी या भूमीला तीन नावे दिली आहेत : कोकण, घाटमाथा आणि देश. त्यांत सह्याद्रीचा सारा भूगोल आला. खालची पायरी, पायरीची कड आणि वरची पायरी. सह्याद्रीवर कळसूबाईसारखी (१६४६ मीटर) शिखरे आहेत हे खरे, परंतु मुख्यतः सह्याद्री ही दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडील कड आहे.

खऱ्या दोन बाजूंच्या पर्वताशी तुलना केली की हा फरक चांगला कळतो. त्यासाठी जपानला जाऊ.

जपानचे आल्प्स

जपानच्या होन्शू या सर्वांत मोठ्या बेटाच्या मध्यभागी हिदा, किसो आणि आकाइशी अशा तीन पर्वतरांगा जवळजवळ समांतर, उत्तर-दक्षिण दिशेने पसरल्या आहेत. त्यांना मिळून ‘जपानी आल्प्स’ म्हणतात. हे नाव एकोणिसाव्या शतकात विल्यम गोलंड या इंग्रज धातुतज्ज्ञाने युरोपातील आल्प्सवरून दिले. हिदा रांगेत ओकुहोताका (३१९० मीटर) आणि आकाइशी रांगेत किता (३१९३ मीटर) ही शिखरे आहेत. जपानचे सर्वांत उंच शिखर फुजी (३७७६ मीटर) या रांगांत मोडत नाही. तो एकटा उभा असलेला ज्वालामुखी आहे.

समजा, तुम्ही जपानच्या समुद्राच्या काठी तोयामा शहरात उभे आहात. तेथून आग्नेयेकडे सरळ निघालात तर सपाट भातशेती ओलांडून तातेयामा शिखरापाशी ३००० मीटरवर पोचाल. मग दुसऱ्या बाजूने उतरून ओमाची गावी याल. त्याची उंची सुमारे ७०० मीटर. तोयामा ते ओमाची हे सरळ अंतर साठएक किलोमीटर, म्हणजे कशेळी ते कसाऱ्याचा घाट एवढेच. तेवढ्याच अंतरात जपानमध्ये एक आख्खा पर्वत चढून उतरावा लागतो. आपल्याकडे फक्त चढावे लागते.

हा फरक का? कारण दोन्ही पर्वत घडले ते अगदी निराळ्या रीतीने.

जपानच्या खाली पृथ्वीच्या कवचाचे अनेक भूपट्ट एकमेकांवर रेटले जात आहेत. पॅसिफिक महासागराचा तळ होन्शूच्या खाली घुसतो आहे, आणि या रेट्यामुळे बेटाचे खडक दाबले जाऊन, मोडून, वर उचलले गेले. ही उचल मुख्यतः गेल्या वीस-तीस लाख वर्षांतील आहे, आणि ती थांबलेली नाही. आकाइशी रांग वर्षाला सुमारे ४ मिलिमीटर या वेगाने वर येत आहे असे मोजमापांवरून दिसते. तुम्ही पहिलीत गेल्यापासून दहावी होईपर्यंत ती ४ सेंटिमीटर वर उचलली जाईल. मात्र पाऊस, बर्फ आणि दरडी तिला त्याच वेळी झिजवीतही असतात.

शिलारसाच्या पायऱ्या

सह्याद्रीची गोष्ट याहून फार जुनी आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारस बाहेर आला. फुजीसारखा शंकूच्या आकाराचा एक डोंगर आणि त्याच्या टोकातून उडणारी आग, असे हे दृश्य नव्हते. हा शिलारस पातळ होता. तो पाण्यासारखा दूरवर पसरला आणि थिजला. त्यावर काही काळाने दुसरा लोंढा आला, मग तिसरा. अशा थरांनी मिळून आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. पश्चिमेकडे त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरपर्यंत भरते. या खडकाला असिताश्म किंवा बेसॉल्ट म्हणतात. आपण त्याला काळा कातळ, काळा पाषाण म्हणतो. कान्हेरीची लेणी याच ज्वालामुखी खडकांत कोरलेली आहेत.

माळशेज घाटातील कडा नीट पाहा. तो एकसंध भिंतीसारखा नसून त्यात आडवे पट्टे दिसतात. काही थर घट्ट व कठीण आहेत. काही सच्छिद्र आहेत, कारण थिजताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून राहिले. काही ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो. दोन लोंढ्यांच्या मध्ये बराच काळ गेला आणि खालच्या थराचा पृष्ठभाग हवा-पाण्याने कुजून त्याची माती झाली, याची ती खूण होय. कठीण थर टिकतो आणि उभा कडा होतो. मऊ थर झिजतो आणि त्याची उतरण किंवा सपाटी होते. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. भूशास्त्रात या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

आता प्रश्न असा की शिलारसाचे हे थर जर सलग पसरले होते, तर मध्येच कडा कसा तयार झाला?

कोकण खाली कसे गेले?

त्या काळी आजच्या पश्चिम किनाऱ्याच्या पलीकडेही जमीन होती. शिलारसाचे लोंढे वाहिल्यानंतर थोड्याच अवधीत (भूशास्त्रात ‘थोडा अवधी’ म्हणजे वीस-तीस लाख वर्षे!) भारत आणि आज सेशेल्स बेटे असलेला भूभाग एकमेकांपासून अलग झाले. त्यांच्यामध्ये अरबी समुद्र पसरत गेला. या फाटण्याच्या वेळी किनाऱ्यालगतचे खडक भेगाळले, खचले आणि समुद्राच्या बाजूला वाकले.

याचा पुरावा कशेळीच्या जवळच आहे. देशावर शिलारसाचे थर जवळजवळ आडवे आहेत. परंतु पनवेल, ठाणे, मुंबई या पट्ट्यात तेच थर पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे, कललेले आढळतात. टेबलाच्या कडेवरून चटई खाली लोंबावी तसा हा प्रकार आहे. भूशास्त्रज्ञ याला ‘पनवेलची वाक’ या अर्थाचे नाव देतात.

समुद्र जवळ आल्यामुळे पश्चिमेकडे वाहणाऱ्या ओढ्यांना एकदम मोठा उतार मिळाला. उतार जास्त तर पाण्याचा वेग जास्त, आणि वेग जास्त तर खडक कापण्याची शक्ती जास्त. पश्चिमेचे ओढे पठाराची कड खात खात पूर्वेकडे सरकले. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते सह्याद्रीचा आजचा कडा हा असा मागे हटत आलेला आहे. तो मागे हटताना काही कठीण तुकडे तसेच उभे राहिले. माथेरान, मलंगगड, चंदेरी, माहुली हे ते तुकडे होत. माथेरानच्या माथ्यावर उभे राहिले तर पूर्वेला घाटमाथा दिसतो, आणि दोन्ही माथे सपाट आहेत. मधली दरी भरून काढली तर ते एकच पठार होईल. खरोखरच एके काळी ते तसे होते.

म्हणजे कशेळीभोवतीचे डोंगर हे वर उचलले गेलेले डोंगर नव्हेत. भोवतालचे सारे झिजून गेल्यावर जे शिल्लक राहिले, ते हे डोंगर. जपानच्या आल्प्समधील शिखरे आणि माहुलीचा सुळका यांत हा मूलभूत भेद आहे.

वारा, पाऊस आणि हिम

घडण निराळी असली तरी एका बाबतीत दोन्ही पर्वत सख्खे भाऊ शोभतात. दोघेही वाऱ्याला आडवे उभे आहेत.

जून महिन्यात अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेले नैर्ऋत्य मोसमी वारे येतात. सह्याद्रीपाशी त्यांना वर चढावे लागते. वर गेलेली हवा प्रसरण पावते व थंड होते. थंड हवेत बाष्प धरून ठेवण्याची शक्ती कमी, म्हणून ढग बनतात आणि पाऊस कोसळतो. कड्याच्या पलीकडे हवा खाली उतरू लागते, पुन्हा तापते आणि पाऊस आटतो. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून ४५ किलोमीटरवरील नाशिकला तो सुमारे ७०० मिलिमीटर असतो. यालाच पर्जन्यछाया म्हणतात.

जपानमध्ये हेच नाट्य हिवाळ्यात घडते. सैबेरियाकडून अतिशय थंड व कोरडे वारे येतात. जपानच्या समुद्रावरून जाताना ते बाष्प उचलतात आणि हिदा रांगेवर चढताना ते हिमाच्या रूपाने टाकतात. तातेयामाच्या रस्त्यावरील बर्फ वसंत ऋतूत कापून वाट मोकळी करतात, तेव्हा दोन्ही बाजूंना उभ्या राहणाऱ्या हिमाच्या भिंती काही वर्षी १५ मीटरहून उंच असतात. आणि पलीकडे तोकिओला त्याच दिवसांत कोरडे, लख्ख ऊन असते. तीही पर्जन्यछायाच.

येथे एक महत्त्वाचा फरक पडतो. तोयामाच्या शेतकऱ्याचे पाणी हिमाच्या रूपाने डोंगरावरच साठून राहते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते हळूहळू वितळते आणि भातलावणीला मिळते. आपला पाऊस मात्र पडतो आणि त्याच दिवशी वाहू लागतो.

कशेळीपुढून वाहून जाणारे पाणी

उल्हास नदी लोणावळ्याजवळ राजमाचीच्या परिसरात उगम पावते. कर्जत, बदलापूर, कल्याण करीत ती कशेळीपाशी येते. वाटेत तिला माळशेजकडून येणारी काळू नदी मिळते, आणि काळूमधून कसाऱ्याच्या बाजूची भातसाही येते. कशेळीजवळ, साष्टी बेटाच्या ईशान्य कोपऱ्यापाशी, पाणी दोन वाटांनी जाते : एक अरुंद वाट ठाण्याच्या खाडीकडे, आणि मोठी वाट घोडबंदरवरून वसईच्या खाडीकडे. म्हणजे बोरघाटापासून कसारा घाटापर्यंत सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पडलेल्या पावसाचा मोठा भाग कशेळीसमोरून समुद्रात जातो.

उल्हासची लांबी १२२ किलोमीटर आहे. घाटमाथ्यावरील थेंबाला समुद्रात पोचायला फार वेळ लागत नाही. त्याच घाटमाथ्याच्या पूर्व बाजूला पडलेल्या थेंबाचे मात्र नशीब निराळे. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. अरबी समुद्र तेथून सुमारे ८० किलोमीटरवर. पण कड पश्चिमेला उंच असल्याने ती पूर्वेकडे वळते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. ‘पठाराची कड’ या शब्दांचा अर्थ नकाशात पाहायचा असेल तर एवढी एक नदी पुरे आहे.

आता शहापूर तालुक्याचा विचार करा. माहुलीचा डोंगर याच तालुक्यात आहे. पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. तानसा, भातसा या मुंबईला पाणी देणाऱ्या मोठ्या धरणांचे पाणी याच भागातील डोंगरांवरून येते. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आहे, आणि त्या नळांच्या भल्यामोठ्या रांगा भिवंडी तालुक्यातून जाताना तुम्ही पाहिल्याच असतील. तरीही त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते.

याचे एक कारण खडकात आहे. वाळूत किंवा गाळात पाणी मुरते व साठते, तसे ते घट्ट कातळात साठत नाही. ते फक्त भेगांत आणि वरच्या कुजलेल्या थरात राहते. हा थर डोंगरउतारावर पातळ असतो. रान असले तर पाने, मुळे व माती मिळून पावसाचे पाणी थोपवतात आणि सावकाश खाली सोडतात. झरे मार्चपर्यंत वाहतात. रान गेले की माती धुपते, आणि माती गेली की उरतो तो कातळ. जपानचे हिम जे काम करते, ते आपल्याकडे रानातील मातीने करायचे असते. दुसरे कारण माणसांनी केलेल्या वाटपाचे आहे. धरणाचे पाणी कोणाला किती द्यायचे हे खडक ठरवीत नाही. ते माणसे ठरवतात. भूगोल शिकताना ही दोन कारणे एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

ऊन पाणी कोठून येते?

भिवंडी तालुक्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. जपानमध्येही गरम पाण्याचे झरे जागोजाग आहेत, आणि त्यांतील पुष्कळांचा संबंध जिवंत ज्वालामुखींशी आहे. मग आपल्या कुंडांखाली ज्वालामुखी जागा आहे का?

नाही. आपला शिलारस थंड होऊन कोट्यवधी वर्षे लोटली. पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते, साधारणपणे किलोमीटरमागे २५ ते ३० अंश सेल्सिअस. किनाऱ्यालगतचे खडक खचताना ज्या खोल भेगा पडल्या, त्यांतून पावसाचे पाणी खाली उतरते, तेथे तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. वज्रेश्वरीचे कुंड ही कोकण खचल्याची एक जुनी आठवण आहे.

डोंगर घसरतो तेव्हा

पठाराची कड मागे हटते, असे आपण वर म्हटले. हे वाक्य पुस्तकात वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात कड मागे हटते ती थोडी थोडी झिजून, आणि कधी कधी एकदम कोसळून. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड आली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी गेली. तिन्ही वेळा महिना जुलै, आणि तिन्ही वेळा आधी अतिवृष्टी.

याचे कारण असे. कातळावर कुजलेल्या खडकाचा आणि मातीचा थर असतो. उतारावर तो घर्षणामुळे टिकून असतो. सतत पाऊस पडला की मातीच्या कणांमधील जागा पाण्याने भरतात. थराचे वजन वाढते. शिवाय आतील पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो, त्यामुळे घर्षण कमी होते. वजन वाढले आणि पकड सुटली की थर घसरतो. उताराचा पायथा रस्त्यासाठी, घरासाठी किंवा खडीसाठी कापलेला असेल, तर त्याचा खालचा आधारही गेलेला असतो.

जपानने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. १८५८ साली भूकंपाने तातेयामाजवळील डोंगर कोसळला आणि नदी अडली. पुढे तो बांध फुटून तोयामाच्या मैदानावर पुराचे आणि दगडमातीचे लोंढे आले. आज तेथे ओढ्यांवर एकामागून एक बांध घालून गाळ व दगड अडवण्याचे काम चालते. त्याला ‘साबो’ म्हणतात. हे काम कधी संपत नाही, कारण तेथील डोंगर उचलला जात आहे आणि कोसळतही आहे.

दरड कोसळण्याआधी डोंगर बहुधा काही खुणा देतो. उतारावर नव्या भेगा पडतात. झाडे किंवा खांब कलतात. घराची दारे अडकू लागतात. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते किंवा बंद पडते. डोंगराखाली राहणाऱ्या मुलामुलींनी या खुणा पाठ कराव्यात. त्यांपैकी एक जरी जोरदार पावसात दिसली तरी मोठ्या माणसांना सांगून घर सोडावे, मग दरड न आली तरी हरकत नाही.

करून पाहा

१. कशेळीच्या काठावर किंवा तुमच्या गावातील मोकळ्या जागी उभे राहून हात ताठ पुढे धरा. अशा वेळी करंगळीची जाडी डोळ्याशी सुमारे १ अंशाचा कोन करते. कशेळीपासून माहुली सुमारे ३८ किलोमीटरवर आणि ८५८ मीटर उंच आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे दूरच्या डोंगराचा खालचा भाग क्षितिजाआड जातो. किती जातो ते काढण्यासाठी किलोमीटरमधील अंतराचा वर्ग करून त्यास १२.७४ ने भागा. उत्तर मीटरमध्ये येते. ३८ चा वर्ग १४४४, भागाकार सुमारे ११३. म्हणजे ८५८ पैकी ७४५ मीटर दिसतील, आणि ते सुमारे १.१ अंशाचा कोन करतील. एवढा मोठा डोंगर, पण दिसतो करंगळीएवढा! उलट सहा-सात किलोमीटरवरचा येऊरचा डोंगर माहुलीच्या निम्म्या उंचीचा, तरी तो दोन बोटांएवढा दिसतो. कळसूबाई कशेळीहून सुमारे ८४ किलोमीटरवर आहे. तिचा किती भाग क्षितिजाआड जाईल ते तुम्ही काढा. (यात पाहणाऱ्याची उंची आणि हवेमुळे प्रकाशकिरणांचे होणारे वक्रीभवन सोडून दिले आहे.)

२. एका फळीवर दोन बोटे जाडीचा ओलसर मातीचा थर द्या. फळी एका बाजूने हळूहळू उचला आणि माती कोणत्या कोनाला घसरते ते मोजा. मग पुन्हा तसाच थर देऊन, फळी त्याहून थोडी कमी तिरकी ठेवून, वरून झारीने पाणी घाला. काय होते ते पाहा. तिसऱ्या वेळी थराचा खालचा भाग चमच्याने काढून घ्या आणि मग पाणी घाला. किती पाण्याला माती घसरली याची नोंद ठेवा. वर्गातील तीन गटांनी प्रयोग करून आकडे ताडून पाहावेत.

पुन्हा उगवणार नाही असे काही

कशेळीच्या आसपासची खाजणे गेल्या काही दशकांत झपाट्याने बदलली. भिवंडीजवळ मोठमोठी गोदामे उभी राहिली. गोदामांना सपाट, उंच जमीन लागते. म्हणून सखल जमिनीवर भराव पडतो. भरावाला मुरूम लागतो, बांधकामाला खडी लागते, आणि दोन्ही डोंगरातूनच येतात. डोंगर कापून खाडीकाठ भरायचा, असा हा व्यवहार आहे. त्याचा परिणाम दोन्ही टोकांना दिसतो. डोंगर उघडा पडतो, आणि खाजणात पूर्वी पसरणारे पाणी वस्तीत शिरते. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर उल्हासच्या पाण्याला पुढे जायला जागा नसते. अशा वेळी खाजणे तळ्यासारखे काम करीत. ते तळे आपण बुजवीत आहोत.

घरे, रस्ते आणि कामधंदा यांना दगड लागणारच. प्रश्न आहे तो कोणत्या डोंगरातून, किती आणि कोठे थांबायचे हा. हा हिशेब मांडताना एक गोष्ट विसरू नये. जपानचा आल्प्स वर्षाला काही मिलिमीटर का होईना, वर येत आहे. माहुलीला, मलंगगडाला, येऊरला नवा दगड मिळत नाही. त्यांना घडवणारा शिलारस ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आला, तो पुन्हा येणार नाही. एखादी टेकडी खडीच्या मशीनखाली काही वर्षांत सपाट होते. मग ती नकाशावरून कायमची जाते.

पुढच्या वेळी कशेळीचा पूल ओलांडाल तेव्हा पूर्वेकडे पाहा. ती निळसर रेघ दिसली तर ती पठाराची कड आहे, हे आता तुम्हाला माहीत आहे. आणि पुलाखालून जाणारे गढूळ पाणी त्याच कडेवरून, तिचीच माती घेऊन आले आहे.